आधी का नंतर, विचारणारं मशीन

अन्याय माझ्या चुलतीवर झाला. यंदाच्या किंक्रांतीला झाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन नुकतं बांधावर आलं होतं तेव्हा. ऊसतोडीची टोळी तिच्या उसाच्या कडेकडेनं, तिचाच बांध तुडवत, शेजारच्या फडात शिरली आणि कोयते चालू झाले. शेजाऱ्याचा ऊस तिच्यानंतर चार दिवसांनी लागलेला. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजाऱ्यालाही ठाऊक आहे, म्हणून तर तो त्या सकाळी फडाकडे फिरकला नाही. तरी तोड त्याची आधी आणि चुलतीची पुढच्या पंधरवड्यात.

हे सगळ्यात आधी लिहून टाकते. पुढं मी एका कॉम्प्युटरबद्दल बरंच बोलणार आहे, आणि कॉम्प्युटरबद्दल बोलायला लागलं की ज्याचं नुकसान झालं तो माणूस बाजूला राहतो. हे मी बैठकांमधून पाहिलेलं आहे.

आम्ही सोनईच्या अलीकडचे. चुलतीचा बेत सरळ होता. ऊस जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जाईल, त्याच मुळांवर पुन्हा ऊस फुटू देऊन खोडवा ठेवायचा नाही, रान मोकळं करून त्यात उन्हाळी कांदा लावायचा. त्यासाठी तिनं विहिरीजवळच्या वाफ्यात रोप टाकलं होतं. किंक्रांतीला ते रोप लावणीला येऊन आठवडा उलटला होता. आणि रोप कुणासाठी थांबत नाही. शेंडे पिवळे पडतात, खाली गाठ धरायला लागते. मग लावा नाहीतर फेका, कांदा पोसत नाही, नुसते डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे निघतात.

चुलती पदर खोचून टोळीसमोर गेली. मी तिच्या मागं.

"अवो मुकादम, माझा आधी लागलाय की!"

"आसंल काकी. पन आमाला चिठ्ठी ह्यांची हाय."

"चिठ्ठी कोन काढतं?"

"कॉम्प्युटर काढतो," मुकादम म्हणाला, आणि पावसाबद्दल बोलावं तसे हात वर केले.

मी पत्रकं लिहिते. पाण्याच्या पाळीसाठी लिहिली, एसटीच्या थांब्यासाठी लिहिली. त्या दुपारी ओट्यावर बसून मथळा लिहिला: 'जुनाट कॉम्प्युटर हटवा, सभासदांचा ऊस वाचवा!' मजकूर आपोआप आला. आमच्या साखर कारखान्यात एकाच कंपनीचं मशीन, एकाच कंपनीची सगळी व्यवस्था गेली कित्येक वर्षं चालू आहे. हे मला माहीत होतं, कारण त्याच महिन्यात तिचा करार संपत होता आणि पुन्हा तीच घ्यायची का दुसरी, यावर कारखान्यात वाद चालू होता. दोन्ही गोष्टी मी जोडल्या. जुनं मशीन, चुकीची चिठ्ठी, झाली की जुळणी.

पण पत्रक लिहायला ज्यांनी मला शिकवलं त्यांचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध लिहायचं ते एकदा डोळ्यांनी बघून यायचं. म्हणून कागद पिशवीत टाकला, चुलतीला गाडीवर मागं बसवलं आणि शेवगावच्या छापखान्याऐवजी आधी कारखान्याचा रस्ता धरला.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती.

"देऊळ हाय का हितं?" चुलती म्हणाली.

"धूळ नको म्हणून, मावशी. या, या." आतून आवाज आला. खोलीच्या मॅडम. बाहेर ऊन तापलेलं आणि या बाईंच्या अंगात स्वेटर, कारण खोलीतला एसी बारा महिने चालू. त्यांची सगळी नोकरी याच गारठ्यात गेलेली. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, आणि हे त्यांनी आम्ही बसायच्या आत सांगितलं.

मला वाटलं होतं खोलीभर पसरलेलं, घरघरणारं काहीतरी दिसेल. निघाली आमच्या घरातल्या फ्रीजच्या निम्म्या उंचीची एक काळी पेटी. तिच्यावर दसऱ्याच्या झेंडूचा वाळलेला देठ अजून चिकटलेला. टेबलावरच्या पडद्यावर काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, बोटानं सरकवायला काही नाही.

"किती जुनं आहे हे?" मी विचारलं. आवाजात जेवढा आरोप घालता येईल तेवढा घातला.

"पेटी? पेटी तर अलीकडची. ही तिसरी. प्रोग्राम मात्र मी नवी लागले तेव्हाचा." त्यांना माझा आरोप कळलाच नाही, किंवा त्यांनी तो चपलांबरोबर बाहेर ठेवला. "पेट्या बदलल्या, प्रोग्राममधलं एक अक्षर बदलावं लागलं नाही. जुना प्रोग्राम नवीन पेटीत ठेवला की चालू. तुझ्या मोबाईलमधलं दहा वर्षांपूर्वीचं काही आज चालतं का? सांग बरं."

मी विषय बदलला.

"दुसऱ्या कंपनीच्या पेटीवर चालतो हा प्रोग्राम?"

"नाही."

"बिघडलं तर?"

"भाग त्यांचाच, माणूसही त्यांचाच."

"म्हणजे अडकलात."

"अडकलो," मॅडम अगदी सहज म्हणाल्या. "पण गळीत एक दिवस याच्यामुळं थांबलं नाही. नवरा चांगला निघाला की त्याला अडकणं म्हणत नाहीत, संसार म्हणतात."

"आन न्हाई निघाला चांगला, तर?" चुलतीनं विचारलं. तिघी हसलो. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, आणि पुढं तोच सगळ्यांना नडला.

मी पत्रकातला मुद्दा काढला. शेजाऱ्याचा ऊस नंतरचा, त्याला तोड आधी. कशी? मॅडमनी गट नंबर विचारला आणि पडद्यावर चुलतीचं शेत आलं. लावणीची तारीख बावीस ऑगस्ट. शेजाऱ्याची चौदा ऑगस्ट.

"बघा. तोडीचा क्रम पंधरवड्यानं लागतो. ते पहिल्या पंधरवड्यात, तुम्ही दुसऱ्या. मशीननं बरोबर केलं."

"बावीस-फिवीस काय म्हाईत न्हाई मला," चुलती म्हणाली. "मी नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी लावलाय. आन त्या चिटबॉयला तसंच सांगितलं हुतं."

चिटबॉय म्हणजे शेतावर येऊन उसाची नोंद घेणारा कारखान्याचा माणूस. नावात बॉय, आमच्याकडचा पन्नाशीचा आहे.

"हो की! तसंच लिहिलंय," मॅडम म्हणाल्या, आणि एक कळ दाबून त्यांनी मागची नोंद उघडली.

इथून पुढचा तासभर मी माझं भांडण विसरले. खरं आहे ते सांगते. त्या पडद्यावर, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, लिहिलेलं होतं: नागपंचमी. आणि त्याच्याखाली मशीननं विचारलेला प्रश्न: आधी का नंतर? आणि त्याच्यापुढं चुलतीचं उत्तर: नंतर, एक दिवस.

"हे मशीन विचारतं?" मी खुर्ची पुढं ओढली.

"विचारतंच. नागपंचमीला आपल्यात कुणी रानात कुदळ मारतं का? नांगर धरतं का? मग नागपंचमीला ऊस लागेल कसा? लोक म्हणतात नागपंचमीचा ऊस, पण असतो आदल्या दिवसाचा किंवा दुसऱ्या. म्हणून नुसती नागपंचमी हे मशीन घेत नाही. पोळ्यालाही तसंच. बैलांना सुट्टी असते ना."

"आणि आखितीला, अक्षय्य तृतीयेला?"

"आखितीला नाही विचारत. त्या दिवशी पेरायला कुणाची मनाई आहे?"

हे कुणी केलं, मी विचारलं. प्रोग्राम लिहिणारा माणूस पहिल्या दोन गळितांत कारखान्यातच राहिला होता म्हणे. चिटबॉयबरोबर सायकलवर शेतं फिरला. त्याला दिसलं की लोक तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. त्यातही बायका आणि म्हातारी माणसं. त्यानं लोकांना तारखा शिकवायच्या भानगडीत न पडता मशीनला सण शिकवले. मी एकेक सण विचारत गेले आणि मॅडम कळ दाबत गेल्या. बैलपोळा, गौरी, घटस्थापना, सगळे हिरव्या अक्षरांत. मनात आलं, हे मशीन परदेशातल्या कुठल्या कंपनीचं, आणि याच्या पोटात आमच्या गावाची सवय जाऊन बसली आहे. मला माझ्या मथळ्यातला 'जुनाट' शब्द टोचायला लागला.

"बाय, माझं रोप वाळतंय," चुलती म्हणाली.

तेव्हा भानावर आले आणि मोबाईलवर कॅलेंडर काढलं. चुलतीनं ऊस लावला त्या साली नागपंचमी नऊ ऑगस्टला होती. दुसरा दिवस दहा. पडद्यावर मात्र बावीस.

"मॅडम, तुमची नागपंचमी एकवीसला कशी?"

त्या म्हणाल्या, असेल काहीतरी. मग त्यांनीही बोटांवर मोजलं. मग त्यांनी सणांचा तक्ता उघडला आणि हातातला पेन खाली ठेवला.

झालं होतं ते असं. सण दरवर्षी सरकतात, म्हणून तक्ता दरवर्षी नवा भरावा लागतो. त्याच्या आदल्या साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळं त्या साली नागपंचमी लांबून एकवीस ऑगस्टला गेली होती. तो तक्ता बरोबर भरला होता. भरणारे जुने साहेब पाडव्याचं पंचांग हातात आलं की स्वतः बसून भरायचे. त्या साली ते निवृत्त झाले. पुढं कुणी भरलाच नाही. मशीनला नवे सण मिळाले नाहीत, त्यानं मागचेच पुढं ओढले.

मॅडमनी शेतकी विभागाला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"सणांचा तक्ता तुमच्याकडून यायला पाहिजे ना?"

"आमच्याकडून? कॉम्प्युटरचं काम तुमचं की हो, मॅडम."

"पंचांग शेतकीचं."

"पंचांग भटजीचं!" पलीकडचा हसला. एकटाच हसला.

म्हणजे ज्यांनी मोबाईल बघून तारीख सांगितली, त्यांचा ऊस आपल्या जागी राहिला. ज्यांनी सण सांगितला, त्यांचा बारा दिवसांनी मागं गेला. शेजाऱ्यानं लावणीचा फोटो काढला होता. चुलतीकडं फोटो नव्हता, नागपंचमी होती. आणि तिच्यासारख्या आणखी किती बायका? मॅडमनी पडदा खाली सरकवत नेला, तो सरकतच राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या सालचा तक्ताही तसाच आहे गं."

"मशीन चुकलं नाही, असंच ना?" मी म्हणाले.

"नाही चुकलं," त्या म्हणाल्या, पण या वेळी हळू.

"मग काकीचं रोप कोणी वाळवलं?"

तक्ता त्यांनी तिथंच, आमच्या समोर दुरुस्त केला. दोन्ही सालांचा. कामाला वेळ लागला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पण चिठ्ठ्या आधीच निघून गेल्या होत्या. टोळी वळवायची तर शेतकी अधिकाऱ्यांची सही पाहिजे, आणि साहेब फोनवर म्हणाले, परवा त्या कॉम्प्युटरच्या निर्णयाची बैठक आहे, सभासदही येणार आहेत, तिथंच या.

परवापर्यंत रोप आणखी दोन दिवसांनी म्हातारं झालं. चुलतीनं वाफ्यावर जुन्या साडीची सावली केली आणि पाणी बेतानं दिलं, वाढ थोपवायला. रोपाला मुद्दाम तहानलेलं ठेवताना तिचं तोंड बघवत नव्हतं.

बैठक शेतकीच्या हॉलमध्ये झाली. समोर अधिकारी साहेब, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेला नव्या कंपनीचा माणूस. बोलायला चांगला होता, खोटं बोलणारा वाटला नाही. त्याची व्यवस्था भाड्यानं मिळणारी. कारखान्यात पेटी ठेवायची गरज नाही, सगळं त्यांच्याकडं, आपण नुसतं मोबाईलवर बघायचं. चिटबॉय शेतात उभा राहून फोटो काढणार, जागा आणि तारीख आपोआप पडणार, शेतकऱ्याला मेसेज जाणार.

मेसेज जाणार म्हटल्यावर मी मनात त्याच्या बाजूला झाले. चुलतीला तेव्हाच मेसेज आला असता तर ती तेव्हाच भांडली असती.

"तारीख कुठली पडणार?" मॅडमनी विचारलं.

"फोटो काढला त्या दिवसाची. बदलताच येत नाही. छेडछाड शून्य."

"आमचा चिटबॉय लावणीनंतर कधी आठ दिवसांनी पोचतो, कधी पंधरा. मग तो पोचला त्या दिवशी ऊस लागला, असं धरायचं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून एक म्हातारे सभासद ओरडले, "मंग बाळाचं बारसं झालं त्या दिशी बाळ जलमलं म्हना की!"

पुण्याचा माणूस लाल झाला, पण हटला नाही. "ठीक आहे, ते सुधारू. पण मॅडम, तुमच्या मशीनमधले सण कोण भरतं? आणि पुढच्या वर्षी तुम्ही गेल्यावर कोण भरणार? त्या हिरव्या पडद्यावर काम करणारं एक तरी तरुण माणूस दाखवा मला या हॉलमध्ये."

कुणी हात वर केला नाही.

मी उठले. मी दोघांनाही एकच विचारलं. "तुमच्या व्यवस्थेत माझ्या काकीची तारीख कशी ठरली, हे काकीला बघता येईल का? नुसती तारीख नाही. कशी ठरली ते."

पुण्याचा म्हणाला, ते आतलं आहे, कंपनीचं असतं. मॅडम म्हणाल्या, बघता येतं, पण आजवर कुणी बघायला आलंच नाही.

मला वाटतं, सगळा वाद या दोन उत्तरांत होता. दोन्ही व्यवस्था बंद पेट्या. एकीची किल्ली परदेशी कंपनीकडं, दुसरीची पुण्याच्या. फरक इतकाच की जुन्या पेटीत आमचं काय ठेवलंय ते निदान आमच्या मॅडम उघडून दाखवू शकत होत्या. आणि उघडून दाखवता येत असून त्या चपलांच्या रांगेच्या आत कुणी गेलं नव्हतं. मीही पहिल्यांदा गेले ती भांडायला.

साहेब म्हणाले, "विषय गुंतागुंतीचा आहे. पुढच्या बैठकीत..."

"साहेब," चुलती उभी राहिली. पदराखालून तिनं रोपाची एक जुडी काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. शेंडे पिवळे. "तुमी जुनं घ्या न्हाईतर नवं घ्या, मला त्यातलं कळत न्हाई. टोळी माझ्या बांधाला लागून हाय. शेजारचा फड उद्या संपतोय. तिला माझ्यात वळवायची का न्हाई, येवढं सांगा. आन न्हाई म्हनायचं आसंल तर ह्याच्याकडं बघून म्हना."

साहेबांनी मातीनं भरलेल्या जुडीकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "दुरुस्त तारीख दहा ऑगस्ट, साहेब. पहिला पंधरवडा. मी लिहून देते."

सही झाली.

दोन दिवसांनी टोळी चुलतीच्या फडात शिरली. मुकादम म्हणाला, "काकी, आता चिठ्ठी तुमची हाय." चुलती म्हणाली, "आधी बी माजीच हुती." ऊस गेला, रान कसंबसं तयार झालं. तोवर निम्मं रोप हातात धरायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. उरलेलं तिनं लावलं. निम्म्या रानात कांदा उभा आहे. निम्म्यात तिनं गुरांसाठी उशिराचा घास टाकला, आणि त्या बाजूनं जाताना ती तिकडं बघत नाही. मी बघते.

माझं पत्रक शेवटी छापलं, पण मथळा बदलून. 'हटवा' काढलं. छापखानेवाले म्हणाले, ताई, या वेळी जोर नाही तुमच्यात. मी म्हटलं, जोर आहे, तो कुणावर लावायचा ते आता कळलंय.

कारखान्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. मला विचाराल तर यंदा मी जुन्या पेटीच्या बाजूनं हात वर करीन, पण दोन अटींवर. सणांचा तक्ता दर पाडव्याला गट ऑफिसच्या दारावर लागला पाहिजे, आणि मॅडम जायच्या आत दोन तरुण माणसं त्या पडद्यासमोर बसली पाहिजेत. अटी मान्य नसतील तर नवी घ्या, पण ती तारीख कशी ठरवते हे आधी लिहून घ्या. नवंही नको, जुनंही नको, असं मी म्हणत नाही. 'आधी का नंतर?' असं माणसाला विचारणारं यंत्र मी आयुष्यात एकच पाहिलं आहे, आणि ते फुकट घालवायची माझी तयारी नाही.

आता तुमच्याकडं येते. तुमचा ऊस असेल, दूध असेल, पेन्शन असेल, काहीतरी कुठल्यातरी पेटीत नोंदलेलं आहेच. तिथं जा. या आठवड्यात जा. चपला बाहेर काढा, आत जा, आपली नोंद पडद्यावर दाखवायला लावा, आणि ती कशी ठरली हे समजेपर्यंत खुर्ची सोडू नका. कुणी म्हणालं ते आतलं आहे, तर तिथंच बसून राहा आणि घरून दुसऱ्यालाही बोलवा.